प्रॉम्प्टर चावी आणायला निघतो

"चावी मिळणार नाही," टोस्टला लोणी लावता लावता मुलाने जाहीर केलं. "आधी इथली भाषा शिका, आप्पा. एकट्याने दुकानात जाऊन काहीतरी आणून दाखवा. मग बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

लहानपणी सायकल मागायला आलेल्या मुलाला आप्पांनी नेमकं हेच उत्तर दिलं होतं. पोराने ते इतकी वर्षं जपून ठेवलं असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

भांडणाचं मूळ दारात होतं. पोर्तुगालमधल्या या घराचं दार ओढलं की आपोआप कुलूप लागे. मागच्या आठवड्यात आप्पा कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर पडले, दाराने आपलं काम चोख केलं, आणि सूनबाई कामावरून येईपर्यंत आप्पा पायजम्यात जिन्यावर बसून राहिले. येणारे-जाणारे शेजारी पोर्तुगीजमध्ये काहीबाही विचारत होते आणि आप्पा मान डोलावून सगळ्याला होकार देत होते. त्यातल्या एका बाईने घरातून मांजर आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा मधल्या एखाद्या प्रश्नाला नकार द्यायला हवा होता, एवढं त्यांच्या लक्षात आलं. ही हकिगत मुलाने फोनवरून साऱ्या नातेवाइकांना ऐकवली. दर फोनला एकेक मांजर वाढत गेलं.

"दार ओढण्याआधी खिसा चाचपायचा, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं," हे त्याचं समारोपाचं वाक्य असे.

आज मात्र आप्पांनी चहाचा कप बशीत आपटला.

"तू देऊच नकोस चावी. मी करून आणतो. कोपऱ्यावरचा तो बूट दुरुस्त करणारा चाव्याही करतो. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून आणतो."

"बोटं न दाखवता?"

"बोटं खिशात."

"फोनवर भाषांतर न करता?"

"फोन घरी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर खिडकीत बसून कबुतरं मोजीन. चावीचं नाव पुन्हा काढणार नाही."

"अहो, वडील आहेत ते, कैदी नाहीत," सूनबाई म्हणाली.

"वडील आहेत म्हणून तर काळजी. कैदी असते तर निदान एका जागी राहिले असते."

आप्पांनी संभाषणांचं पुस्तक आणवलं. त्यात सगळं होतं: पावाच्या दुकानात, पोस्टात, बूट दुरुस्तीला. डाव्या बाजूला गिऱ्हाइकाची वाक्यं, उजव्या बाजूला दुकानदाराची. एखाद्या साध्या माणसाने डावी बाजू पाठ करून पुस्तक मिटलं असतं. पण आप्पा साधे नव्हते. उभी हयात त्यांनी हौशी नाटकमंडळींत प्रॉम्प्टर म्हणून विंगेत काढली होती. राजाचं, राणीचं, चोराचं आणि शिपायाचं, सगळ्यांचं सगळं त्यांना पाठ. टाळ्या मात्र त्यांनी कायम बाजूने ऐकलेल्या. रंगमंचावर मोठ्याने म्हटलेलं स्वतःचं असं वाक्य त्यांच्या नावावर एकही नव्हतं.

तर त्यांनी दोन्ही बाजू पाठ केल्या. तालमीला सूनबाईला दुकानदार केलं. एकदा ती पाव बांधून देताना उत्साहाच्या भरात "काय उकडतंय ना आज!" असं पोर्तुगीजमध्ये म्हणून गेली.

आप्पा थांबले. "हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. माणसं बोलतात असं."

"नट बोलतात असं. म्हणून नाटकं पडतात. पदरचं काही घालायचं नाही."

शनिवार उजाडला. सूनबाई आपली चावी घेऊन ड्यूटीवर गेली. मुलाने आपली चावी नमुना म्हणून आप्पांच्या हातावर ठेवली. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला, पिशवी घेतली आणि बूटवाल्याच्या बरोबर उलट्या दिशेला चालू लागले.

याचं कारण सरळ होतं. बूटवाला पुस्तकात तिसरा होता. आणि तिसऱ्या प्रवेशाने प्रयोग सुरू झालेला आप्पांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

पहिला प्रवेश, पावाचं दुकान. गल्ल्यामागे गुटगुटीत, हसरी मालकीण. आप्पांच्या मागे चार-सहा माणसांची रांग. रांगेच्या शेवटाला काळ्या बोटांचा, आंबट चेहऱ्याचा एक माणूस.

"बॉं दीया," आप्पा म्हणाले. शुभ सकाळ.

यावर तिने "उ के देझेजा?" म्हणजे "काय हवंय?" एवढंच विचारायचं होतं. ती मात्र आप्पांच्या सदऱ्याकडे बघत भरभर बरंच काही बोलली. आप्पांनी ओळखलं, बाई वाक्य विसरली आणि वेळ मारून नेते आहे. असल्या नट्या त्यांनी पुष्कळ तारल्या होत्या. त्यांनी तळहात तोंडाशी आडवा धरला आणि कुजबुजले, "उ के देझेजा?"

बाईने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"उ के देझेजा..." आप्पांनी पुन्हा अलगद सोडलं.

"उ के देझेजा?" बाई एकदाची म्हणाली.

आप्पांनी समाधानाने मान हलवली आणि सहा पाव मागितले. आता खरी पंचाईत झाली. बाईने मागच्या फळीवरचे वाफाळते पाव उचलून पिशवीत भरायला घेतले. पुस्तकात दुकानदार म्हणतो, "ताजे पाव आत भट्टीत आहेत, जरा थांबाल का?" आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आनंदाने." आप्पांनी तिच्या हातातले पाव सौम्यपणे परत ठेवायला लावले आणि तिचं वाक्य तिला कुजबुजून दिलं. बाई मुळात गुणी. तिने ते जसंच्या तसं म्हटलं.

"आनंदाने," आप्पा म्हणाले आणि हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले.

रांगेने हे ऐकलं. आत ताजे पाव आहेत म्हटल्यावर फळीवरच्या पावांना कोण हात लावणार? रांग जागची हलेना. नवी माणसं आली, त्यांना जुन्यांनी कारण सांगितलं, तीही थांबली. रांग दाराबाहेर फुटपाथवर गेली. शेवटी बाईला खरोखरच भट्टीत नवा घाणा टाकावा लागला. काळ्या बोटांचा माणूस घड्याळाकडे बघून करवादला आणि पावाशिवायच तरातरा निघून गेला.

पाव मिळाले. "माइश आल्गुमा कोइझा?" बाईने विचारलं. आणखी काही? हे मात्र तिने न सांगता विचारलं. आप्पांना गहिवरून आलं.

"ए तुदु," ते म्हणाले. एवढंच.

पोस्टाचा प्रवेश तर नुसता रंगला. खिडकीतला कारकून रोज तीच ती वाक्यं म्हणून इतका तयार झालेला होता, की आप्पांना एकदाही तोंडाशी हात न्यावा लागला नाही. तिकिटाची गरज नव्हती, पण प्रवेश गाळता येत नव्हता. तिकीट खिशात टाकून आप्पा बूटवाल्याकडे वळले.

टपरीत बसलेला माणूस मान वर करून बघतो तर काय, आप्पा! आणि आप्पा बघतात तर काय, काळी बोटं!

आप्पा डगमगले नाहीत. चावीला इकडे 'शाव' म्हणतात, आपली 'चावी' त्यावरूनच आलेली, म्हणजे घरचाच शब्द. तो काही प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच की पुस्तकातला प्रवेश बुटाचा होता. आप्पांनी बुटाच्या जागी चावी घातली आणि बाकी अक्षर न बदलता खणखणीत सांगितलं, "माझ्या चावीची टाच निघाली आहे."

बूटवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. चावीकडे पाहिलं. एक शब्द न बोलता ती यंत्रात अडकवली. ठिणग्या उडाल्या, आणि बघता बघता नमुन्याची आणि नवी, अशा दोन चाव्या फळकुटावर पडल्या.

झालं होतं काम. हात पुढे करायचा, पैसे द्यायचे, घरी जायचं. पण प्रवेश कुठे झाला होता? समोरच्या नटाने तोंड म्हणून उघडलं नव्हतं. आणि उद्या मुलगा म्हणणार, मुक्याकडून चावी आणलीत, त्यात बोललात काय? आप्पांनी चाव्या त्याच्याकडे परत सरकवल्या, तळहात आडवा धरला आणि त्याचं वाक्य कुजबुजले: "उद्या या."

बूटवाला ढिम्म.

"उद्या या..." आप्पांनी धीर सोडला नाही.

"उद्या या!" बूटवाला ओरडला. भावना जरा जास्त झाली, पण शब्द बरोबर होते. त्याने चाव्या खिशात घातल्या आणि धाडकन शटर ओढलं.

"आभारी आहे, उद्या येतो," आप्पांनी शटरला पुस्तकातलं शेवटचं वाक्य म्हटलं आणि विजयी मुद्रेने घर गाठलं.

जिन्यावर मुलगा बसला होता. अर्धी चड्डी, घरातल्या सपाता, आणि मांडीवर मांजर.

"तू इथे काय करतोस?"

"तुमच्या मागे यायला निघालो होतो," मुलगा मांजराकडे बघत म्हणाला. "म्हणजे, काही अडलं तर असावं म्हणून."

"फजिती बघायला."

"तेही. पण दार ओढलं, आणि..."

"आणि खिसा?"

मांजर घुरघुरलं.

"ते जाऊ दे. चावी द्या."

"उद्या मिळेल."

"उद्या? उद्या रविवार! बंद असतो तो! आप्पा, चावी करायला किती वेळ लागतो?"

"करून झाली आहे. दोन्ही त्याच्याच खिशात आहेत."

मुलाने डोकं धरलं. फोन घरात, बायकोला रात्री उशिरापर्यंत सुटका नाही. "हरलात," तो म्हणाला. "कबुतरं मोजायची तयारी करा."

"माझा प्रयोग अजून संपलेला नाही," आप्पा म्हणाले. "ऊठ. त्या माणसाला सकाळी पाव मिळाले नव्हते. तो कुठे असेल, मला ठाऊक आहे."

पावाच्या दुकानात रांग होतीच. ताज्या पावाची बातमी गावभर झाली होती. रांगेच्या मध्यावर काळी बोटं दिसली. मुलगा घुसला. बूटवाल्याचा दंड धरून त्याने हवेत चावी फिरवून दाखवली, मग दार उघडून दाखवलं, मग घर दाखवलं. इतकी वर्षं तो या गावात फोन आणि बोटं यांच्यावर राहिला होता. आज फोन नव्हता आणि बोटांनी काही उलगडत नव्हतं. बूटवाला मागे सरकला. कोणीतरी हसलं.

"आप्पा, सांगा ना त्याला काहीतरी!"

आप्पांनी सवयीने तळहात तोंडाशी नेला. पण कुजबुजायचं काय? हा प्रवेश पुस्तकात नव्हता. वाक्य कोणाचंच लिहिलेलं नव्हतं, ना याचं ना त्याचं. सगळं दुकान त्यांच्याकडे बघत होतं, आणि विंग कुठेच नव्हती.

आप्पांनी हात खाली घेतला. निरनिराळ्या पानांवरचे शब्द गोळा केले आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "मिन्या शाव! आगोरा! आमान्यां, नांव!"

माझी चावी. आत्ता. उद्या नाही.

बूटवाल्याचा हात आपोआप खिशात गेला आणि दोन्ही चाव्या आप्पांच्या तळहातावर आल्या. आप्पांनी पैसे दिले. तो खांबासारखा उभाच. तेव्हा गल्ल्यामागून मालकीण पुढे वाकली, तळहात तोंडाशी आडवा धरला आणि हलकेच कुजबुजली, "माइश आल्गुमा कोइझा..."

"माइश आल्गुमा कोइझा?" बूटवाल्याने पडत्या फळाची आज्ञा मानली.

"ए तुदु," आप्पा म्हणाले.

आणि रांगेने टाळ्या वाजवल्या. या वेळी समोरून.

बाहेर आल्यावर मुलाने हात पुढे केला. "मानलं, आप्पा. जिंकलात. आता माझी चावी द्या."

आप्पांनी दोन्ही चाव्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या, वरून खिसा चाचपला आणि पिशवीतलं पुस्तक काढून मुलाच्या हातात दिलं.

"पहिला प्रवेश पाठ कर. एकट्याने आत जाऊन पाव आणून दाखव."

"आणि मग?"

"मग बघू," आप्पा म्हणाले.