धोंडीआप्पांची वेगवेगळी दुखणी

धोंडीआप्पा कुणालाही भेटले की आधी दातांकडे बघत. मुलांनो, तुमची आई नवी सून म्हणून शेवगावला आली, तेव्हा शेजारचे हे आप्पा ओट्यावर आले, तिला निरखलं आणि मला म्हणाले, "दात झ्याक हायेत. डोळ्यात पानी हाय. बाई, सौदा चुकला न्हाई तुमचा." तुमची आई पुढे आठवडाभर तोंड मिटून हसत होती.

आप्पा बैलबाजारात दलाल. जनावर दुरून बघूनच त्याचं दुखणं सांगत. स्वतःच्या दुखण्यांची तऱ्हा मात्र निराळी होती.

दुष्काळाच्या साली त्यांना खोकला लागला. "गुरांच्या छावनीतली धूळ, बाई." आवाज बसला. "बाजारात वरडून वरडून." सदरा अंगावर लोंबू लागला, तर शिंप्याच्या दुकानात जाऊन भांडून आले. कंबर ठणकू लागली, म्हणून खाट उसवून पुन्हा विणून घेतली. प्रत्येक दुखण्याचा वैद्यही वेगळा. खोकल्याला काढेवाला, कमरेला हाडवैद्य, डोकेदुखीला चष्मेवाला. काढेवाल्याला कमरेचं सांगायचं नाही, हाडवैद्याला खोकल्याचं नाही.

"असं का हो?" मी विचारलं.

"दुखनी एका दावनीला बांधली की माजत्यात, बाई."

मी हसले. तेवढ्यात त्यांना ढास लागली. तोंडावरचा रुमाल त्यांनी घाईने खिशात कोंबला, पण त्यावरचा लाल डाग मला दिसला. सदऱ्याची गुंडी उघडी होती. गळ्याच्या हाडावर सुपारीएवढी गाठ होती.

माझं हसू तिथेच थांबलं. पुण्याला माझ्या थोरल्या भावाचा असाच आवाज बसला होता. अशीच गाठ आली होती. पुढे काय झालं ते आमच्या घरात कुणी बोलत नसे.

"आप्पा, नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवू या."

"तुमी विंग्रजी शिकल्याली मानसं. शिंकंला बी नगर!"

त्यांची बायको भागूबाई पदराआड हसली. त्यानंतर कुंपणापलीकडून खोकला ऐकू आला की माझ्या हातातलं काम थांबे. तुमच्या आजोबांनीही समजावून पाहिलं. आप्पा ऐकेनात.

मग तो बाजार आला. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून एकमेकांचा हात बोटांनी दाबतात; जितकी बोटं, तितका भाव. त्या दिवशी सौदा ठरला, उपरणं निघालं आणि भांडण पेटलं. आप्पा म्हणत, पाची बोटं दाबली. गिऱ्हाईक म्हणे, चारच.

"अंगठा हाललाच न्हाई तुमचा! म्हातारपनी बोटं चोरता व्हय?"

सगळा बाजार हसला. आप्पा तडक आमच्या ओट्यावर आले आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. मूठ वळवू लागले. अंगठा तसाच राहिला.

"मी दाबला हुता, बाई. आईशपथ दाबला हुता."

या वेळी धूळ नव्हती, शिंपी नव्हता, खाट नव्हती. मी सगळा धीर एकवटून म्हटलं, "आप्पा, मला वाटतं, ही सगळी दुखणी एकच आहेत."

त्यांनी तो हात उपरण्याखाली झाकला. "मला बी लई दिस तसंच वाटतंय. म्हनून तर वायली वायली ठिवली हुती."

नगरच्या डॉक्टरांनी छातीचे आणि कमरेचे फोटो उजेडासमोर धरले. फुप्फुसातला कॅन्सर. तिथून कमरेच्या हाडात गेलेला, आणि हाताकडे बघता बहुधा डोक्यातही. आता फक्त दुखणं कमी करायची औषधं. आप्पांनी एकच विचारलं, "बाजारला जाता यील न्हवं, सायेब?"

"काही दिवस जाल. पाय ओढत जावं लागेल."

भागूबाईला त्यांनी वात झाल्याचं सांगितलं. बाजाराला जाताना आजवर आप्पा तरातरा पुढे आणि ती मागे, अशी रीत होती. आता ते दारात थांबून तिला पुढे घालू लागले. पारावरची माणसं ओरडत, "आप्पा, बायकूच्या मागं लागला का या वयात?"

भागूबाई वैतागे. "फुडं व्हा की! लोकं हसत्यात."

"हसू दे. चल तू."

मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "मागं आसली की तिला नुसता माझा पाय दिसतो, बाई. फुडं आसली की बाजार तरी दिसंल."

शेवटपर्यंत ती दोघं तशीच जात. भागूबाई कधी मागे वळून बघत नसे. मात्र थोडं चालली की उगाच चप्पल झटकायला थांबायची. मागून खोकला ऐकू आला की पुढचं पाऊल टाकायची.