भोपळ्याचा पहिला पाय

रोगाला घरात शिरूच द्यायचं नाही, हे माझं धोरण! आणि मी एकदा धोरण ठरवलं की घरातल्या कुणाचीही सुटका नसते. कुत्र्याचीसुद्धा!

आमच्या कुत्र्याचं नाव भोपळा. आकारावरून पडलंय, जास्त विचार करू नका. तर चिखलातून फिरून आलेल्या कुत्र्यांना क्वचित होणाऱ्या एका भयंकर रोगाबद्दल मी वाचलं. आधी पायावर जखम, मग जेवणावरची वासना उडते, कुत्रं मलूल होतं आणि थेट किडनीवर घाला! रोगाचं कारण अजून डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही. चिखल टाळायचा आणि फिरून आल्यावर पाय धुवायचे, एवढंच आपल्या हातात.

"एवढंच ना?" मी म्हणालो. फर्निचरला पॉलिश करणं हा माझा धंदा. घासण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय!

त्या दिवसापासून चिखल बंद. बाहेरून आला की भोपळ्याचे पाय मी जातीने घासू लागलो. आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याच्या पुढच्या उजव्या पायावर लालभडक जखम!

"अहो, याने जेवणाला तोंडही लावलेलं नाही," बायको म्हणाली.

मी हाक मारली. भोपळ्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला. माझ्या पायाखालची जमीनच सरकली! माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपतो हो हा! तो नसलेलं घर मला डोळ्यांपुढे आणवेना. त्याला उचलला आणि आई, बायको, मुलगी, सगळी वरात डॉक्टरीणबाईंकडे!

त्यांनी रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत भोपळाच माझे हात चाटून मला धीर देत होता.

"किडनी ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग जेवत का नाही?"

आई खाकरली. "सकाळी मी लोणी लावून पाव घातला त्याला. अख्खा. रोग येणार म्हणतोस, मग अंगात ताकद नको?"

"आणि हा मलूल का?"

"बाहेर चिखल होता ना, बाबा," मुलगी पुटपुटली, "म्हणून मी त्याला जिन्यावरच पळवलं. वर-खाली. खूप वेळा."

"आणि ही जखम?" माझा आवाज चढला. एकेक गुन्हेगार सापडत होता ना!

"पाय कशाने धुता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ब्रशने."

"कसल्या ब्रशने?"

"लाकडाचा जुना रंग काढायच्या, तारेच्या. पण नवाकोरा हं! लाकडालासुद्धा लावला नव्हता!"



"कोमट पाणी आणि मऊ टॉवेल, बस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आणलंत ते बरं केलंत. कारण कळत नाही अशी जखम दिसली की पुन्हा अशीच धाव घ्या."

मी तिथेच भोपळ्याला मिठी मारून ढसाढसा रडलो. त्यात लाज कसली?

"एक कोडं आहे," त्या म्हणाल्या. "जखम एकाच पायाला कशी?"

"आमच्या जेवणाच्या टेबलाचाही एकच पाय चकाकतो," बायको म्हणाली. "पहिला पाय झाला की यांना कंटाळा येतो!"

उरलेले तीन पाय माझ्या आळसामुळे वाचले, याचं मात्र कुणी कौतुक केलं नाही!