फवारणीचं रीतसर उद्घाटन

बुरशी मुहूर्त पाहत नाही. माणूस पाहतो, आणि म्हणूनच तो बुरशीपेक्षा प्रगत आहे.

रेणापूर तालुक्यातल्या एका गावात ही प्रगती महानंदाबाईंच्या सोयाबीनवर सिद्ध झाली. पानांवर तांबेरा या बुरशीचे पहिले ठिपके दिसले, त्याच दिवशी प्रात्यक्षिकासाठी औषधाची बाटली आली. विष नव्हे, बुरशीशी झुंजायला झाडं आपल्या बियांत प्रथिनांचे जे बारीक तुकडे राखणीला ठेवतात, तेच काढून भरलेले. नाव पेप्टाइड. ठिपके दिसताच फवारा आणि थंड जागी ठेवा, एवढ्याच अटी. (अटी बारीक अक्षरांत छापतात, म्हणजे मोठ्या माणसांना त्रास होत नाही.)

महानंदाबाईंनी बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत खोचली आणि पंप धुवायला घेतला. पुढच्या पेरणीचं घरचं बियाणं त्याच रानात उभं होतं.

"थांब की!" त्यांचे यजमान बसवराज अप्पा म्हणाले. ते या फवारणीच्या उद्घाटन समितीचे अध्यक्ष. "आधीच फवारलं तर पाहुणे उद्घाटन कशाचं करतील?"

"अन् पाहुणे येईस्तोवर तांबेरा काय पारावर बसून राहील व्हय?"

हा प्रश्न समितीने विषयपत्रिकेबाहेरचा ठरवला. शिवाय निसर्गाची देणगी माठाखाली ठेवणं मानाचं नव्हे, म्हणून बाटली देवघरात, तेवत्या समईला खेटून बसवण्यात आली. रोज विभूती, रोज बेलपान. बाटली हाताला कोमट लागे. समितीने त्याला तेज म्हटलं.

पाहुणे लातूरहून निघायचे आणि वाटेत दुसऱ्याच उद्घाटनाला थांबायचे. अखेर पोचले तेव्हा रानात नुसत्या काड्या होत्या, शेंगा पापडासारख्या चपट्या. महानंदाबाईंनी एक शेंग फोडून पाहिली; आत दाणा नव्हता. अप्पा डगमगले नाहीत. त्यांनी काड्यांपुढे फलक उभा केला; त्यावर हिरवंगार सोयाबीन छापलेलं होतं. पाहुण्यांनी पंप पाठीला लावला आणि फलकावरच फवारा मारला. टाळ्या पडल्या.

अहवालात यश शंभर टक्के आहे, आणि त्यात खोटं काही नाही. त्या फलकावर आजतागायत तांबेरा आलेला नाही.

फोटो औशापासून बिलोलीपर्यंत मोबाईलवर फिरला. अंगठे आले, जोडलेले हात आले. अप्पांनी ते कौतुकानं दाखवले.

"लई लोकांना आवडलंय की ओ," महानंदाबाई हळूच म्हणाल्या. "आता पेरायचं काय, तेवढं इचारा त्यास्नी."

आणि एकेक नाव वाचत त्या तुमच्या अंगठ्यापाशी थांबल्या. (फोटो जरा मोठा करून पाहिला असतात, तर फलकाखालून काड्या दिसल्या असत्या.)