प्रचारवाहनाची मूठ ओढण्याबाबत

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास ग्रामस्वच्छता प्रचार मंडळाच्या पनवेल कार्यालयाकडे एक परदेशी घरगाडी होती आणि त्या घरगाडीत संडास होता. परदेशातल्या कुठल्याशा दानशूर संस्थेने ही गाडी भेट दिली होती. ती ओवे, चिरनेर अशा गावांतून फिरावी आणि घरात संडास असला म्हणून घर बाटत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, हा त्यामागचा हेतू. गाडीत बिछाने होते, शेगडी होती, आरसा होता. गावकऱ्यांना ती दोरीपलीकडून दाखवली जाई. वापर मात्र अधिकाऱ्यांनीच करायचा, कारण प्रात्यक्षिक जाणकार व्यक्तीकडूनच व्हावं, असं परिपत्रक होतं.

या गाडीचे प्रमुख चारुदत्त टिपणीस. माणूस भला, बोलायला गोड. "आपली घाण आपणच काढावी, त्यात कसली आली लाज?" हे वाक्य ते प्रत्येक गावात इतक्या कळकळीने म्हणत की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावत. मंडळाला स्वतःचं आवार नव्हतं, म्हणून गाडी 'सुरक्षित ताब्यात' खांदा कॉलनीत टिपणिसांच्या दारासमोर उभी असे. शेजाऱ्यांत त्यामुळे त्यांचा भाव चांगलाच वधारला होता.

आता संडास म्हटला की त्याखाली टाकी आलीच. पडेल ते टाकीत साठायचं आणि साठलं की गाडीच्या कुशीतली एक मूठ ओढून नळीवाटे गटारात सोडायचं. मूठ ओढली की झडप उघडते, ढकलली की मिटते. इतकं सोपं. पण मंडळाने मंजुरी मिळवली होती ती संडास वापरण्याची. तो रिकामा करण्याचा विषय कुणी काढलाच नाही. त्यातून वरचे कोणी साहेब पाहणीला येणार म्हटलं की गाडीला नवा ऑइलपेंट लागे. रंगारी इमानी. गाडीबरोबर तो मूठही रंगवी, दर साहेबामागे एक हात. दिवाळीनंतर टाकी तुडुंब झाली, तेव्हा मूठ आणि गाडी एकजीव झालेली आढळली.

वास सुटला. टिपणिसांनी आधी ड्रायव्हर काशिरामला बोलावलं. काशिराम ओव्याचा, चार गावांत गाडी नेणारा हुशार गडी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, माजा हुद्दा स्टेरिंगचा. स्टेरिंगच्या मागं काय हाय, ते मला म्हाईत नाय." आणि तो घरी गेला.

मग फाइल निघाली. वाहनदुरुस्ती खात्याने कळवलं की इंजिन, चाकं आणि ब्रेक यांना वाहन म्हणतात. संडास हा इमारतीचा भाग आहे. इमारत खात्याने विचारलं की जी चिरनेरला जाऊन येते तिला इमारत कसं म्हणावं? चाकं काढून विटांवर ठेवल्यास विचार करता येईल. टिपणीस आज्ञाधारक, त्यांनी चाकं काढवली. गाडीची इमारत झाली. मग आरोग्य खात्याचा माणूस नाकाला रुमाल लावून येऊन गेला. त्याचा अभिप्राय असा की जे अजून बाहेर आलं नाही त्याला मैला म्हणता येत नाही. तो साठा आहे. बाहेर येताच कारवाई करू. एव्हाना गाडी विटांवर चढलेली असल्यामुळे ती लांब नेऊन उभी करण्याचीही सोय उरली नव्हती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यातल्या रविवारी अनुयाला बघायला मंडळी यायची होती.

अनुया ही टिपणिसांची एकुलती एक लेक, शाळेत विज्ञान शिकवायची. आधीची दोन स्थळं पत्रिकेवरून फिस्कटली होती. हे मात्र तिला मनापासून आवडलं होतं. नात्यातल्या एका लग्नात ती सत्यजीतशी बोलली होती आणि हा मुलगा समोरच्याचं ऐकून घेतो, असं तिने आईला सांगितलं होतं. शिवाय हुद्दा मोठा. मुंबईत मलनिस्सारण खात्यात अभियंता! टिपणिसांच्या बायकोने, कुमुदताईंनी, नवऱ्याला स्वच्छ बजावलं. "हे स्थळ वासापायी गेलं ना, तर मी तुमच्या त्या गाडीत राहायला जाईन. मग गावोगाव मलाच दाखवत फिरा."

टिपणिसांची झोप उडाली. शेवटी ते शिवाकडे गेले. शिवा पूर्वी नगरपालिकेत सफाईला होता, आता स्टँडपाशी त्याची सायकलदुरुस्तीची टपरी होती. "आम्ही काही जात-बीत मानत नाही रे, पण तुम्हा लोकांना सवय असते," अशी त्यांनी सुरुवात केली. शिवाने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला.

"साहेब, तुमचं भाषण ऐकूनच मी ते काम सोडलं," तो म्हणाला. "आपली घाण आपण काढावी म्हणालात. पटलं मला."

टिपणिसांना राग आला. भाषण लोकांना पटावं ही त्यांची इच्छा होतीच. पण म्हणून इतकं पटावं, हे जरा अतीच झालं.

रविवारी मंडळी आली. घरात उदबत्त्यांचा असा धूर की आरतीच चालू आहे वाटावं. सत्यजीतच्या आई सत्यवतीबाई नाकाशी रुमाल नेत म्हणाल्या, खाडी जवळच दिसते. टिपणिसांनी लगेच सगळं खाडीवर ढकललं आणि विषय पाणीटंचाईकडे वळवला. पण सत्यजीत पडला त्यातला तज्ज्ञ. त्याने खिडकीतून विटांवरची गाडी पाहिली आणि टाकी तुंबलीय का, असं सरळ विचारलं. टिपणिसांना वाटलं, देव घरी चालून आला. त्यांनी सगळी कहाणी सांगितली.

सगळे बाहेर आले. सत्यजीत पोह्यांची बशी घेऊन गाडीपासून जरा लांबच उभा राहिला आणि त्याने चमच्याने हवेत आकृती काढून सुरेख समजावून सांगितलं. रंगाने मूठ धरली आहे. रंग खरवडायचा, तेल सोडायचं, मुरू द्यायचं आणि मागेपुढे हलवत ओढायची.

"जोर फार लागेल?" टिपणिसांनी विचारलं.

"छे हो. कुणीही ओढेल."

हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं आणि सगळे इकडेतिकडे बघू लागले. मुलाकडचे होते, मुलीकडचे होते, गॅलऱ्यांतून शेजारीपाजारी होते. 'कुणीही' मात्र त्यांच्यात नव्हता. टिपणिसांचा उजवा हात एकदा हलला. तो त्यांनी खिशात घातला.

अनुया आत गेली. येताना तिने भाजी चिरायची सुरी आणि शिवणयंत्राच्या तेलाची बुधली आणली. पदर खोचला, गाडीची नळी कॉलनीच्या गटारात सोडली आणि ती मुठीपाशी बसली.

"अगं, हात नको लावूस त्याला!" टिपणीस ओरडले. सबंध नोकरीत ते इतक्या कळकळीने बोलले नव्हते.

"मग कोणी लावायचा, बाबा?"

तिने सगळ्यांकडे पाहिलं. सत्यजीतकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तो पोह्यांत खोबरं शोधत होता. तिने रंग खरवडला, तेल सोडलं, थांबली, मूठ हलवत राहिली आणि शेवटी ओढली. गाडीच्या पोटात गडगडाट झाला. टाकी मोकळी झाली. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. टिपणिसांना त्या क्षणी पोरीचा एवढा अभिमान वाटला की तेही टाळ्या वाजवू लागले. मग त्यांची नजर सत्यवतीबाईंकडे गेली.

निरोप मध्यस्थाकरवी आला, तो फारच सभ्य होता. मुलगी हुशार आहे, धीट आहे. आम्ही जुन्या विचारांचे तर मुळीच नाही. पण घरात देवघर आहे, उद्या तिच्याच हातचं जेवायचं, मनाला एकदा लागलं की लागलं. मुलाचं काय म्हणणं, असं कुमुदताईंनी विचारलं. त्याचं म्हणणं एवढंच, की झडप त्याने सांगितल्याबरहुकूमच उघडली. मंडळाकडूनही टिपणिसांना ताकीद आली. शासकीय साठ्याची परवानगीशिवाय विल्हेवाट लावली होती ना.

निरोप आला त्या संध्याकाळी अनुया रडली. तो ऐकून घेणारा वाटला होता, म्हणाली. टिपणीस तिच्याजवळ जाऊन बसले. त्यांचं पोरीवर फार प्रेम. थोडा वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी हळूच विचारलं, "तू तेव्हा हात साबणाने नीट धुतले होतेस ना? तसं असेल तर त्यांना कळवून बघतो."

वाचकहो, टिपणिसांना हसण्याआधी एक सांगा. अनुयाने मूठ सोडल्यावर हात धुतले की नाही, हे मी लिहिलेलं नाही. तुमच्या ते कधीच ध्यानात आलं असेल. ज्यांनी वर्षभर ती टाकी भरली, त्यांनी कधी धुतले का, हेही मी लिहिलेलं नाही. ते आलं होतं का ध्यानात?