मिस ओडेल यांनी तीन पायऱ्या राखिल्या त्याची हकीकत

अन्नपूर्णास्वरूप, सकळ गल्लीच्या आधारस्तंभ लुरलीनबाई, वस्ती देव्हो गल्ली, पेठ ट्रेमे, शहर न्यू ऑर्लिन्स, यांचे सेवेसी त्याच गल्लीत एकतीस वर्षे आपल्या हातचा राजमा-भात खाल्लेला लेखनिक हात जोडोन लिहितो की, आपण आज्ञा केली जे मिस्टर आल्सीद बार्थे हे न्हाव्याच्या दुकानी बसोन पायऱ्यांच्या मोहिमेची हकीकत स्वतःस सेनापती करोन सांगतात, तरी खरे काय जाहले ते कागदी यावे. त्यावरोन जे डोळा पाहिले आणि जे कुंपणाआडोन ऐकिले ते, तिखटमीठ लागेल तितकेच घालोन, लिहिले असे.

मिस ओडेल दुसेत, उमर वर्षे एकाहत्तर, शाळेच्या मुदपाकखान्याची सरदारी चाळीस वर्षे करोन निवृत्त जाहल्या. त्यांचा किल्ला म्हणजे एकामागे एक पाच खोल्यांचे अरुंद घर, आणि किल्ल्याचा बुरूज म्हणजे दारापुढील विटांच्या तीन पायऱ्या. रोज पाच वाजता बाईंची स्वारी थंड चहाचा पेला घेवोन मधल्या पायरीवर विराजमान होई आणि गल्लीचा कारभार तेथोन चाले. हा किल्ला त्यांच्या आजी सेलेस्तीन दुसेत यांनी मिळविला. त्या सुईण. सातशे मुले त्यांचे हाती या जगात दाखल जाहली, त्यात निम्मी पेठ आली. त्यांनी कोणाचे वाईट केले ऐसे त्यांच्या वैऱ्यासही म्हणता आले नाही, कारण वैरीही त्यांनीच जन्मास घातले होते.

ऐसे सुख नांदत असता मुलखात पर्यटकांचा दंगा माजला. गल्लीतील चाळीस घरांपैकी अकरा घरे दिवसावारी भाड्याने चढली, त्यांच्या दारांस आकड्यांची कुलुपे लटकली, आणि सकाळी सहापासोन चाकांच्या बॅगांची घडघड सुरू जाहली ती तोफखाना चालोन यावा तैसी. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ऐसे शहाणे सांगोन गेले. परंतु येथे रोजचा पाहुणा नवा, त्यामुळे कोणाचीच अक्कल जाण्याइतका मुक्काम होईना. लोक खिडकीतोन आत डोकावत, वाळत घातलेल्या चादरींची चित्रे काढीत, आणि खुद्द मिस ओडेल यांस एका इसमाने विचारिले की, तुम्ही खऱ्याच येथे राहता काय.  

तथापि हे सर्व सोसण्याजोगे होते. सोसले गेले नाही ते कीगनचे कर्म.

कीगन नामे तरुण इसम, मूळचा ओहायो प्रांतीचा, दोन वर्षांमागे शहरी येवोन भुताखेतांच्या सहलींचा वाटाड्या जाहला. डोक्यास उंच काळी टोपी, हाती काठी, कमरेस आवाज मोठा करणारी पेटी, ऐसा सरंजाम. तो रोज संध्याकाळी सहा वाजता तीस असामींची फौज घेवोन पायऱ्यांसमोर छावणी देई. एके दिवशी बाई चहा करावयास आत असता त्याचे भाषण पडद्याआडोन कानी आले, ते ऐसे की, या घरात सेलेस्तीन नामे चेटकीण होती आणि तिने तीन नवरे विष घालोन मारिले.

वास्तविक नवरा एकच. तोही आजीच्या मागे नऊ वर्षे धडधाकट जगला. परंतु विषाच्या गोष्टीपुढे नवऱ्याची तब्येत कोण विचारतो. मिस ओडेल यांच्या हाती पेला तसाच राहिला. राग तर आलाच, पण रागाहून लाज मोठी होती की, आजीच्या उंबऱ्यावर परका मनुष्य ऐसे बोलतो आणि आपण सातशे मुलांच्या सुईणीची नात असोन पडद्याआड उभ्या. त्या क्षणी बाईंनी मनाशी नेम केला की, हे बोलणे बंद होईल तेव्हाच मधल्या पायरीवर चहा घेईन.

मग पहिली चढाई जाहली ती पाटीची. बाईंनी फळीस पांढरा रंग देवोन मोठ्या अक्षरी लिहविले की, या घरात कोणासही विष दिलेले नाही, आणि ती फळी दारावर ठोकिली. परिणाम ऐसा जाहला की, जे पर्यटक दुसऱ्या गल्लीतोन परस्पर जात तेही ही पाटी पाहावयास वाट वाकडी करोन आले, आणि पाटीसह चित्र काढावयास रांग लागली. तिसऱ्या दिवशी पाटी उतरविली.

पुढील सोमवारी लुरलीनबाईंच्या स्वयंपाकघरी मसलत भरली. सोमवारी या शहरी राजमा शिजतो, आणि राजमा शिजेतो कोणास घाई नसते.

"अगं ओडेल, पाटी लावून कधी माशा गेल्यात का?" लुरलीनबाई डाव फिरवीत म्हणाल्या.

"माझ्यावर सोडा," मिस्टर आल्सीद म्हणाले. "माझा ट्रॉम्बोन सुरू झाला ना, की त्या पोराला स्वतःचं नावसुद्धा ऐकू येणार नाही."

"आल्सीद, मागच्या वेळी तू मदतीला आलास तेव्हा माझा नळ तीन दिवस वाहत होता."

"तो नळ होता. हा बँड आहे. बँडमध्ये माझी कधी चूक झालीय?"

बँडमध्ये त्यांची खरोखर चूक होत नसे. तेव्हा मंगळवार मुक्रर जाहला, राजमा वाढिला गेला, आणि सर्व सरदारांनी शपथा वाहिल्या की, कीगनचा एक शब्द पायरीपर्यंत पोचू देणार नाही आणि जागचे हलणार नाही.

मंगळवारी सहा वाजता एक ट्रॉम्बोन, एक ट्यूबा, दोन ट्रंपेट आणि एक ताशेवाला पायऱ्यांच्या उजवीकडे उभे ठाकले, आणि डावीकडे गल्लीची रयत चाळीस असामी. कीगनची फौज आली. त्याने टोपी सावरोन तोंड उघडिले आणि आल्सीद यांनी तोफ डागिली. ऐसा नाद उठला की कमरेची पेटी मुकी जाहली, कीगनचे ओठ हलत परंतु शब्द फुटेना, आणि मिस ओडेल यांचे मुखी आठ दिवसांनी हसू आले. येथवर फत्तेच होती.

परंतु या पेठेच्या रक्तात एक खोड आहे ती देवानेही काढिली नाही. येथे बँड जागी उभा राहोन वाजत नाही. बँड वाजला की चालतो, आणि बँड चालला की त्यामागे रुमाल नाचवीत लोक चालतात. लग्न असो, मयत असो, पाऊल आपसूक उचलते. आल्सीद यांनी एक सूर लांबविला आणि सुरासोबत एक पाऊल पुढे गेले. मग ट्यूबा गेला. मग ताशेवाला गेला, तो तर मुळीच थांबणाऱ्यातला नव्हे. मग जी रयत मोर्चा धरावयास आली होती तिने खिशातोन रुमाल काढिले, कोणी छत्री उघडिली, आणि लिहिणारास क्षमा असावी, परंतु हुकूम खरे लिहिण्याचा आहे म्हणोन लिहितो की, खुद्द लुरलीनबाई डाव उंच धरोन नाचत गेल्या. त्यांच्यामागे तीस पर्यटक हातचे पेले सांभाळीत गेले, आणि सर्वांच्या पुढे कीगन टोपी हलवीत, जैसा हा बेत त्यानेच रचिला होता. लेखनिकही त्या गर्दीत कोठेसा होता. फौज नाक्यावरोन वळली आणि दिसेनाशी जाहली. मागे ट्यूबाची रिकामी पेटी आणि मिस ओडेल, दोघीच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कीगनच्या मालकांनी जाहिरातीत छापिले की, आमच्या सहलीत अस्सल स्थानिक बँड, विनामूल्य.

त्या बुधवारी बाईंनी कोणास बोलाविले नाही. चहाही केला नाही. केस विंचरोन, चर्चला जावयाचा निळा झगा घालोन, साडेपाचास त्या खालच्या पायरीवर येवोन बसल्या. सहा वाजता कीगन आला आणि आल्यासरशी काठी घराकडे रोखोन बोलू लागला.

"थांब, बाळा," मिस ओडेल म्हणाल्या. "पायरीवर माणूस बसलंय. आधी गुड इव्हिनिंग म्हणायचं."

या पेठेत पायरीवर बसलेल्याच्या पुढोन शब्दावाचोन जाणे म्हणजे भर दरबारी पाठ दाखविणे होय. ओहायोत हे शिकवीत नाहीत. कीगनने टोपी काढोन तैसे म्हटले. मग तीसही मुखांतोन मुजरा जाहला.

"आता सांग, कुणाच्या दारात उभा आहेस?"

"मॅडम, हे सेलेस्तीन दुसेत हिचं…"

"मी तिची नात. तू दमला असशील, रोज रोज खोटं बोलायचं म्हणजे कष्टच. आज मी सांगते."

तीस मोबाईल वर उठले.  मिस ओडेल यांनी पहिल्या मुलापासोन आरंभ केला. घरामागे घर, साल, वार, मुलाचे नाव, वजन, आईस कळा किती वेळ होत्या, नाळ कोठे पुरिली, बारशास कोण आले आणि कोण रुसले, सर्व क्रमवार.

विसाव्या मुलापाशी टेक्सासच्या एका गृहस्थाने हात वर केला. "पण बाई, विषाचं काय?"

"विष नव्हतं. एरंडेल होतं."

"नवऱ्याला दिलं?"

"बाळंतिणीला. मधे बोलू नका, एकविसावं जुळं आहे."

चाळिसाव्या मुलापाशी फौज निम्मी फुटली. सत्तराव्या मुलास आठ उरले. एकशे बाराव्या मुलापाशी एका बाईस तिच्या नवऱ्याने दंडास धरोन ओढोन नेले, आणि रणांगणी कीगन एकला राहिला, टोपी छातीशी धरोन.

"मॅडम, पुढची तुकडी माझी वाट बघतेय."

"आण की. त्यांनाही सांगते. उद्याही सांगेन, परवाही. माझ्याकडे सातशे आहेत, बाळा."

कीगन खालच्या पायरीवर बाईंशेजारी बसला. शरणागती ऐसीच असते, आधी गुडघे जातात. तो म्हणाला की, मी आजीबाईंचे नाव घेणार नाही, परंतु या गल्लीत मला एक तरी खून लागतो, नकाशे छापोन जाहले आहेत.

इतक्यात समोरच्या आपल्या घराच्या पायरीवर ट्रॉम्बोन पुसत बसलेले आल्सीद मंगळवारच्या शरमेने खाली मान घालोन होते, ते एकाएकी बोलिले, "मग माझ्या आजोबांनी काय घोडं मारलंय? पस्तीस वर्षं टपालात शिक्के मारले, आजतागायत कुणी त्यांचं नाव काढलं नाही. तीन बायका म्हण. चार म्हण. दिसायला बरे होते ते."

येणेप्रमाणे तह जाहला की, विष समोरच्या घरी हलवावे, दुसेत घराण्याचे नाव कोणी घेवो नये, आणि फौजेने गल्लीत शिरता पायरीवरील माणसांस मुजरा करावा. उभयतांनी हात मिळविले.

शुक्रवारी संध्याकाळी मिस ओडेल थंड चहा घेवोन मधल्या पायरीवर बसल्या. फौज आली, मुजरा केला, आणि आल्सीद यांच्या घराकडे तोंड करोन उभी राहिली. आल्सीद काळा कोट घालोन मर्तिकाचा सूर वाजवीत होते आणि फार सुखी दिसत होते. बाईंपुढे तीस पाठी होत्या. जे मागितले ते मिळाले, आजीच्या घराकडे वाईट नजर राहिली नाही, कसलीच नजर राहिली नाही. चहा गोड होता, तरी बाईंनी पेला खालच्या पायरीवर ठेविला.

इतक्यात एक पाठ वळली. साठीची बाई, नेब्रास्का प्रांतीची, पायांत मळके बूट.

"इथे बसले तर चालेल? परवा मी एकशे बारापर्यंत होते. मग आमच्या ह्यांनी ओढून नेलं. पुढे काय झालं?"

मिस ओडेल यांनी झगा सावरोन पायरीवर जागा केली.

"एकशे तेरावी म्हणजे पलीकडच्या लुरलीनची आई. पायाळू. गुरुवारचा दिवस होता, आणि बाप सैपाकघरात रडत बसलेला."

तीन नवऱ्यांऐवजी चार बायका मेल्या, ट्रॉम्बोन थांबला, फौज कूच करोन पुढील गल्लीत गेली. तेथे कीगनने शिरगणती केली, पुन्हा केली, तिसऱ्यांदा बोटांवर मोजोन केली. तीस निघाले होते, एकोणतीस भरले. तरी देव्हो गल्लीची मोहीम फत्ते जाहली, पायऱ्या तीनही राखिल्या गेल्या, आणि गनिमाकडील एक असामी आमचेकडे आली ती दोनशे चौऱ्याण्णवाव्या मुलापर्यंत परत गेली नाही, हे लिहोन ठेविले असे.