रोपाला पाणी

नरहर मास्तरांची नोकरी कायम झाली. पण हे तुम्ही ऐकलेलेच नाही असे धरून पुढे चालू. कारण त्या एप्रिलच्या दुपारी, घाटंजीच्या शाळेत, खुद्द मास्तरांनाही ते खरे वाटले नसते.

मास्तर आठवीला इंग्रजी शिकवत, तेही कृती करून. ‘पोअर’ म्हणजे ओतणे. पण शाळेत ओतायला पाणी नव्हते आणि ज्यावर ओतावे असे रोपही नव्हते. म्हणून लोटा रिकामा असे आणि रोप मास्तर स्वतः होत. ते हात पसरून उकिडवे बसत, मुले त्यांच्या डोक्यावर लोटा पार उपडा करत आणि म्हणत, “आय पोअर वॉटर ऑन द प्लांट.” वर्षभरात रोप एकदाही भिजले नव्हते.

तपासणीचे साहेब आले ते मोटार स्टँडपासून उन्हातून चालत. नोकरी कायम व्हायची की जायची, ते आज त्यांच्या शेऱ्यावर होते. मास्तर लगबगीने रोप झाले.

“उठा,” साहेब म्हणाले. “खाली बसून मुलांना खाणाखुणा कराल. रोप मी होतो.”

साहेब टोपी काढून उकिडवे बसले. आठवीतली सत्यशीला पुढे आली. तिने टेबलावरचा लोटा उचलला आणि थबकली.

“गुर्जी, लोटा भारी लागून राह्यला जी.”

“भीतीनं लागतो. रोजच्यासारखं कर.”

तिने रोजच्यासारखे केले. पार उपडा.

दारातून शिपाई उकंडा ओरडला, “अवं माय! साहेबाच्या पिवाचं पानी होतं थे! मले काय मालूम साहेबच रोप होतीन म्हून!”

मास्तरांनी डोळे मिटून मनातल्या मनात वळकटी बांधली. सत्यशीलेला वाटले, घडले ते घडले, वाक्य तरी पुरे करावे. “आय पोअर्ड वॉटर ऑन द प्लांट.”

रोपाच्या मिशांतून पाणी निथळत होते.

“भूतकाळ बरोबर,” रोप म्हणाले. मग डोळे न उघडता, “आता भविष्यकाळ घेऊ. शिपाई, गावच्या विहिरीवरून बादली आणा.”

सगळे काळ झाले. चालू काळात साहेब जरा जास्तच रमले. जाताना त्यांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला, आणि मास्तरांनी मनातली वळकटी सोडली.

मुसळधार पावसालाही इंग्रजीत हाच ‘पोअर’ शब्द चालतो, तेवढा धडा मात्र राहिला. मास्तरांनी वर अर्ज केला: ‘इयत्ता आठवीच्या शैक्षणिक उपयोगार्थ, दर एप्रिलात, तपासणीच्या तासापुरता व फक्त शाळेच्या आवारात, मुसळधार पाऊस मंजूर व्हावा, ही विनंती. छत्री शाळेची राहील.’