तीन बादल्या वाळू

हालगाइर सव्वाअकराला तिसऱ्या मजल्यावरून खाली आला तेव्हा त्याच्या तिन्ही बादल्या दाराबाहेरच्या पायरीवर जागच्या जागी होत्या. फक्त रिकाम्या होत्या. कुणीतरी त्या विसळून, एकीत एक घालून, वर झाकणांची चवड रचून ठेवली होती. इतका टापटीप चोर हालगाइरनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग त्याची नजर पायवाटेवर गेली. दोन दिवस पाऊस, त्यावर उणे सहाची थंडी. दारापासून कचऱ्याच्या शेडपर्यंतची वाट काचेसारखी गोठली होती. सकाळी तो तिच्यावरून जीव मुठीत घेऊन चालला होता. आता त्याच काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी, ओली, बारीक वाळू पसरलेली होती. झकास पसरलेली होती. कुठे ढीग नाही, कुठे मोकळी जागा नाही.

"कुणी केलं हे?" तो ओरडला.

पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि सोसायटीची अध्यक्ष बोर्गहिल कॉफीचा पेला हातात घेऊन बाहेर डोकावली. सोसायटीच्या अध्यक्षाला पगार नसतो, त्यामुळे तो माणूस आपलं मानधन दुसऱ्यांना सुनावून वसूल करतो. बोर्गहिल अकरा वर्षं वसूल करत होती.

"श्रमदान!" ती म्हणाली. "सहा जण, दहा मिनिटं. तुझीही बेल दोनदा वाजवली, हालगाइर. तू आला नाहीस. मी लिहून ठेवलंय."

"अगं, मी आणि तूरिड टाकी उचलून उभे होतो! दोनशे लिटरची काचेची टाकी! बेल वाजली म्हणून सोडून देऊ?"

"ते तुझं घरगुती कारण झालं."

"आणि ती वाळू माझी होती!"

"बादलीवर नाव नव्हतं. पायरी सोसायटीची. वाळूची पेटी महिनाभर रिकामी, रस्ता बर्फाचा आणि सोसायटीच्या पायरीवर वाळूच्या तीन बादल्या. यात विचारायचं काय? आपण सगळे इथे राहतो ना?"

ज्याला दुसऱ्याची वस्तू उचलायची असते तो आधी "आपण सगळे" म्हणतो, हे हालगाइरला बस चालवण्याच्या बत्तीस वर्षांत नीट कळलं होतं. पण आत्ता तत्त्वज्ञानाला वेळ नव्हता. वर स्वयंपाकघरात, टॉवेलनं झाकलेल्या बादलीत, सिगुर होता.

सिगुर म्हणजे इंगवालचा मासा. बोटभर लांब, लिंबासारखा पिवळा आणि सवयींचा अतिशय पक्का. दिवेलागण झाली की तो नाक खाली करून वाळूत घुसायचा आणि सकाळपर्यंत दिसायचा नाही. इंगवाल हा हालगाइरचा बस डेपोतला जुना सोबती. बायको गेल्यावर सहा वर्षं त्याच्याशी रोज बोलणारं घरात कोण, तर हा मासा. आता इंगवाल उद्या वृद्धाश्रमात जाणार होता आणि तिथे माशांना परवानगी नव्हती. "झोपायला वाळू नसली तर हा काचेवर डोकं आपटून मरतो, बरं का," त्यानं आज सकाळी हालगाइरचा हात धरून सांगितलं होतं. "नाहीतर उडी मारतो. टाकी तयार होईपर्यंत टॉवेल काढू नकोस." हालगाइरनं शब्द दिला होता. मग माशाची बादली, टाकी, खडक, खाऱ्या पाण्याचे डबे आणि दाराशी ठेवलेल्या वाळूच्या तीन बादल्या असं सगळं गाडीत घालून तो निघाला होता.

जानेवारीत ट्रॉन्डहाइमला अंधार पडतो तीनला. टाकीत आधी वाळू, मग खडक, मग पाणी, मग मासा. वाळू नाही तर पुढचं काहीच नाही. रविवार, म्हणजे दुकानं बंद. तशी हालगाइरला दुकानातली वाळू नकोच होती. तीन आठवडे तो वाळूवर वाचत होता. बारीक घ्यावी की जाड, किती बोटं जाड थर द्यावा, धुवावी की नाही. बाजारात "जिवंत वाळू" म्हणून पिशवीत पाणी घालून दुप्पट भावानं विकतात, तो निव्वळ लुटीचा धंदा आहे, असं त्याचं ठाम मत झालं होतं. खरी जिवंत वाळू म्हणजे सहा वर्षं मुरलेली, न धुतलेली, इंगवालची.

आणि त्या खऱ्या जिवंत वाळूवरून आता शेजाऱ्यांचे बूट चालले होते.

तो वर गेला, केरभरणी, झाडणी आणि भिंतीचा कागद खरवडायची पट्टी घेऊन आला आणि दारापासून गुडघ्यांवर बसून वाळू गोळा करायला लागला.

"काय चाललंय?" बोर्गहिल वरून किंचाळली. "अरे, आत्ता तर टाकली!"

"परत घेतोय."

"रस्त्यावरची वाळू झाडतोस? जानेवारीत? डोकंबिकं फिरलंय का?"

"मासा झोपतो तिच्यात!"

बोर्गहिलनं मान आत वळवली. मग आतल्या कुणाला तरी म्हणाली, "याला कालपासून प्यायला दिलंय कुणी?"

हालगाइरनं मान वर केली नाही. वाळू बर्फात रुतून बसली होती. पट्टीनं खरवडली की बर्फासकट निघायची, आणि मागे आरशासारखा गुळगुळीत रस्ता उरायचा. अर्ध्या तासात त्यानं दीड बादली भरली. तिच्यात सिगारेटची दोन थोटकं होती, एक बटण होतं, आणि पिवळसर झालेला एक गोळा होता ज्याचा विचार न करण्याचं त्यानं ठरवलं.

"हालगाइर," समोरून आवाज आला. "मी घरी कसा जाऊ?"

तळमजल्यावरचा पेडर होता. वय चौऱ्याऐंशी. बर्फामुळे पंधरा दिवस घरात कोंडलेला हा माणूस आज वाळू पाहून हर्षानं कचऱ्याची पिशवी घेऊन वॉकरसह बाहेर पडला होता. पिशवी टाकून परत वळला, तर त्याच्या आणि दाराच्या मधली वाळू हालगाइरच्या बादलीत.

"तिथेच थांब, पेडर."

"थांबूनच आहे. आणखी काय करणार? वॉकर एकटाच निघाला होता, कसाबसा धरलाय."

आता करायचं काय? हालगाइरनं बादलीत हात घातला आणि पेडरच्या पुढ्यात मूठभर वाळू टाकली. पेडरनं एक पाऊल टाकलं. हालगाइरनं आणखी एक मूठ टाकली. आणखी एक पाऊल.

"लग्नात चालल्यासारखं वाटतंय," पेडर खुशीत म्हणाला. "जरा सढळ हातानं टाक की. मूठ केवढी घेतोस, चिक्कू कुठला!"

"पेडर, ही साधी वाळू नाही."

"ते कळतंय. नाकाला कळतंय."

पंचवीस पावलांना पंचवीस मुठी गेल्या. पेडरला दारात पोचवून हालगाइरनं मागे वळून त्या पुन्हा खरवडल्या. हे दृश्य समोरच्या इमारतीतल्या चार खिडक्यांनी पाहिलं आणि दहा मिनिटांत दारावर चिठ्ठी लागली: "काही रहिवासी म्हाताऱ्या माणसांच्या पायांखालची वाळू स्वतःच्या घरी नेत आहेत. त्यांना लाज वाटावी ही विनंती." सही नव्हती. अशा चिठ्ठ्यांना सही नसते; तेवढंच धैर्य असतं तर माणूस तोंडावर बोलला नसता का? पण "विनंती" हा शब्द बोर्गहिलचा होता, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

एक वाजता हालगाइर तीन बादल्या बर्फमिश्रित वाळू वर घेऊन आला आणि ती न्हाणीघराच्या टबात ओतून त्यानं वर गरम पाणी सोडलं.

त्याची बायको तूरिड वाफल करत होती. पाच मिनिटांत ती हातातला डाव तसाच घेऊन न्हाणीघराच्या दारात आली.

"हालगाइर, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मी नाही. वाळू आहे."

"सडकी अंडी आहेत ही! शी! माझ्या टबात सडकी अंडी उकळतोयस तू!"

"जिवंत वाळू आहे. जिवंत गोष्टीला वास असतोच."

"जिवंत माणसाला असतो तो मी रोज सहन करतेय. हा मेल्याचा आहे. आणि काळी का आहे ती?"

वितळणाऱ्या बर्फातून खरंच काळे गोळे वर येत होते. हालगाइरनं एक फोडला. तूरिडनं खिडकी उघडली, मग दुसरी उघडली, मग वाफलवर झाकण ठेवलं.

"निदान धू तरी."

"धुतली की मरते!"

"माझ्या मते ती आधीच गेलीय. आणि तू त्या बिचाऱ्या माशाला हिच्यात झोपवणार?"

हालगाइरनं आणखी एक गोळा फोडला. तीन आठवड्यांच्या वाचनात कुठेतरी काळ्या वाळूबद्दल काहीतरी होतं. पण "जुनी वाळू वाईट" म्हणणारी सगळी पानं त्यानं दुकानदारांनी लिहिली असणार म्हणून भराभर उलटली होती. बाहेर उजेड पातळ व्हायला लागला होता. पावणेतीन. त्यानं टबातली वाळू बादलीत भरली, बादली टाकीशी नेली, आणि ओतायला दोन्ही हातांनी उचलली.

"इंगवालचा फोन!" तूरिडनं त्याच्या कोटाच्या खिशातून फोन काढला होता. "सकाळपासून नऊ वेळा केलाय त्यानं. घे."

"हालगाइर! आहेस कुठे तू?" इंगवालचा आवाज कापत होता. "सिगुर कसा आहे?"

"आहे. टाकी अजून... वाळूचा जरा घोळ झाला."

"कसला घोळ? टॉवेल काढून बघ. झोपला का?"

"झोपेल कुठे? वाळू आत्ता घालतोय."

"म्हणजे? बादलीत घातलीय ना मी! चांगली वरची वाळू, चार बोटं, धुऊन. त्याच्याशिवाय तो प्रवास करेल का?"

हालगाइरनं बादली खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन टॉवेलचं टोक उचललं. स्वच्छ पाणी, बुडबुडे, तळाला पांढरी शुभ्र वाळू, आणि एका कडेला त्या वाळूतून डोकावणारं पिवळं शेपूट. बाहेर माणसं वाळूसाठी गुडघे फोडत असताना हा गृहस्थ निवांत पडला होता.

"झोपलाय," हालगाइर पुटपुटला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. 

"बरं झालं," इंगवाल शेवटी म्हणाला. "आज बादलीतच राहू दे त्याला. टाकीसाठी नवी पिशवी आणून ठेवलीय मी, माझ्या पलंगाखाली. उद्या ने. नवी खाली, बादलीतली वरून. आणि एक विचारायचं होतं. दाराशी मी तीन बादल्या ठेवल्या होत्या. तळाची काळी घाण. ती टाकीत गेली की मासा तासाभरात खलास. सकाळी कचऱ्यात टाकायच्या होत्या, त्या दिसत नाहीत. कुणी नेल्या असतील रे? असली वाळू कोण गाढव उचलून नेईल?"

हालगाइरनं तूरिडकडे पाहिलं. फोन इतका मोठ्यानं बोलत होता की तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती भिंतीला टेकून, डाव तोंडावर धरून, खांदे हलवत उभी होती.

"कल्पना नाही," तो म्हणाला. "लोक काहीही उचलतात."

दारात बादली दिसली, नाव नव्हतं, उचलली. तो खुर्चीवर बसला. बोर्गहिलनं वेगळं काय केलं होतं? उलट तिनं ती वाळू लांबवली नसती, तर दुपारी बारालाच ती टाकीत गेली असती, आणि सिगुरही तिच्यात.

"जा," तूरिड डोळे पुसत म्हणाली. "ती घाण माझ्या घरात नको. आणि बोर्गहिलचे आभार मानून ये."

"काय सांगू तिला?"

"ते तुझं घरगुती कारण."

तीनला, अंधारात, दिव्याच्या उजेडात हालगाइर पायवाटेवर पुन्हा वाळू टाकत होता. थंडीनं वास दबून गेला होता. पेडरच्या दारापुढे त्यानं दाट टाकली. वर खिडकी उघडली.

"आली ना अक्कल!" बोर्गहिल समाधानानं म्हणाली. "नीट टाक. आणि माझ्या खिडकीखाली जास्त टाक, तिथे फार घसरतं."

"बोर्गहिल," हालगाइर म्हणाला, "मंगळवारी तापमान अधिक पाच सांगितलंय. बर्फ वितळला की ही वाळू जरा..."

"सबबी नकोत! दिवसभर लोकांचे हाल केलेस, आता तरी हात सैल सोड. खिडकीखाली, भिंतीला लागून. सगळी."

"सगळी?"

"सगळी! एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

हालगाइरनं तिसरी बादली तिच्या खिडकीखाली, भिंतीला लागून, शेवटच्या काळ्या गोळ्यासकट पालथी केली. मग टोपी काढली आणि वर बघून अगदी मनापासून म्हणाला, "बोर्गहिल, तुझे आभार मानायचे होते."

"आभार कसले!" ती म्हणाली आणि मोकळी हवा आत यावी म्हणून खिडकी किंचित उघडी ठेवून आत गेली.